गाजर गवताचा बंदोबस्त: एका संस्थेच्या परिसरातील तीन पावसाळे

पार्श्वभूमी

हे प्रकरण एका निवासी प्रशिक्षण संस्थेच्या परिसरातील आहे. संबंधितांची ओळख उघड होऊ नये म्हणून संस्थेचे नाव, ठिकाण आणि व्यक्तींचे उल्लेख टाळले आहेत. परिसराचे ढोबळमानाने चार भाग पडतात: इमारती व त्यांना जोडणारे अंतर्गत रस्ते, फळबाग, रोपवाटिका आणि मागच्या बाजूने वाहणाऱ्या ओढ्यालगतची पडीक जमीन. फळबागेत झाडांच्या ओळींमध्ये मारवेलसारखी स्थानिक गवते वर्षानुवर्षे राखलेली होती आणि रोपवाटिकेतून दर पावसाळ्यात रोपे बाहेर दिली जात.

नव्या इमारतीच्या कामासाठी बाहेरून मुरूम आणि माती आणून प्रवेशद्वारापासून इमारतीपर्यंतच्या रस्त्याला भराव घालण्यात आला. त्यानंतरच्या पहिल्या पावसाळ्यात रस्त्याच्या दोन्ही कडांना पांढऱ्या बारीक फुलांची झुडपे दिसू लागली. ती गाजर गवताची, म्हणजे पार्थेनियम हिस्टेरोफोरसची झुडपे होती. यालाच काँग्रेस गवत किंवा पांढरी फुली असेही म्हणतात. हे कोणाला सांगावे लागले नाही. या तणाचे नाव माहीत नाही असा माणूस महाराष्ट्रात सहसा सापडत नाही, आणि पुढे जे घडले त्यात या सार्वत्रिक ओळखीचाच मोठा वाटा होता, असे माझे मत आहे.

मला सल्ल्यासाठी बोलावले गेले ते दुसऱ्या पावसाळ्याच्या तोंडावर. त्याआधीच्या वर्षातील घटना कर्मचाऱ्यांशी बोलून आणि कामाच्या नोंदी पाहून जुळवल्या आहेत.

समस्या

पहिल्या वर्षी झुडपे कमरेएवढी होऊन फुलांनी भरली तेव्हा, सप्टेंबरच्या अखेरीस, ब्रश कटरने सर्व कडा कापून घेण्यात आल्या. रस्ता स्वच्छ दिसू लागला आणि काम झाले असे सर्वांना वाटले. प्रत्यक्षात त्या एका दिवसात तीन गोष्टी घडल्या. पक्व होत आलेले बी यंत्राच्या झपाट्याने दूरवर उडाले. तेच यंत्र न धुता दुसऱ्या दिवशी फळबागेत वापरले गेले. कापलेल्या झाडांच्या बुडाजवळून नवे फुटवे निघाले आणि तीन-चार आठवड्यांत अवघ्या वीतभर उंचीवर त्यांना पुन्हा फुले आली. इतक्या खाली आलेल्या फुलांपर्यंत यंत्राचे पातेही नीट पोहोचेना.

या तणाचे गणित असे की उगवल्यापासून साधारण चार ते सहा आठवड्यांत ते फुलावर येते, प्रत्येक इवल्याशा फुलोऱ्यात पाच बिया धरतात आणि एका जोमदार झाडापासून दहा ते पंचवीस हजारांपर्यंत बी तयार होऊ शकते. बी अतिशय हलके असल्याने वारा, वाहते पाणी, चाकांना आणि बुटांना लागलेला चिखल, जनावरांचे खूर यांपैकी काहीही त्याला पुरते. वरच्या थरातील बी लवकर उगवते किंवा नष्ट होते, पण मातीखाली गाडले गेलेले बी अनेक वर्षे जिवंत राहू शकते. त्यामुळे एका हंगामातील दुर्लक्षाची फेड पुढच्या कित्येक हंगामांत करावी लागते.

दुसरी बाब आरोग्याची होती आणि ती मला सर्वांत गंभीर वाटली. कापणीनंतर कचरा गोळा करणाऱ्या दोन महिला कामगारांपैकी एकीच्या पापण्या सुजल्या आणि मानेवर व कोपरांच्या आतल्या बाजूस खाज येऊन चट्टे उठले. गाजर गवतातील पार्थेनिन हे द्रव्य अनेकांमध्ये त्वचेची तीव्र अ‍ॅलर्जी निर्माण करते. एकदा शरीर या द्रव्याला संवेदनशील झाले की पुढे झाडाला हात न लावताही, हवेतील वाळलेल्या कणांनीसुद्धा, त्रास उसळतो. हातमोजे, पूर्ण बाह्यांचे कपडे आणि तोंडाला मास्क यांपैकी काहीही त्या दिवशी दिलेले नव्हते.

ओळख कुठे चुकली

पहिल्या भेटीत रोपवाटिका पाहताना पिशव्यांमधील काही रोपांच्या बुडाशी जमिनीलगत पसरलेले, खोल कातरलेल्या पानांचे गुच्छ दिसले. विचारल्यावर रोपवाटिका सांभाळणाऱ्या काकांनी सांगितले की ही बहुधा शेवंतीची रोपे आपोआप आली असावीत, म्हणून त्यांनी ती उपटली नाहीत आणि काही तर वेगळ्या वाफ्यात लावली. ती सर्व रोपे गाजर गवताची होती.

काकांचा यात दोष नाही. सुरुवातीच्या अवस्थेत हे तण शेवंती, झेंडू किंवा गाजर यांच्या रोपांशी सहज गोंधळावे इतके सारखे दिसते. त्याचे मराठी नावच मुळी पानांच्या या साम्यावरून पडले आहे. बहुतेकांच्या मनातील ओळख मात्र फुलांवरून झालेली असते आणि फूल दिसेपर्यंत नियंत्रणाचा सर्वांत स्वस्त आणि सुरक्षित काळ निघून गेलेला असतो. म्हणून कोणताही उपाय ठरवण्याआधी सर्व कर्मचाऱ्यांना फुलाशिवाय गाजर गवत ओळखायला शिकवणे हे पहिले काम ठरले.

त्यासाठी तीन वेगवेगळ्या वयांची झाडे मुळांसह काढून, कागदावर चिकटवून, प्लास्टिकच्या आवरणात ठेवली आणि अवजारांच्या खोलीत लावली. लहान वयात पाने जमिनीला टेकून चक्राकार पसरतात, फिकट हिरवी असतात, त्यांच्यावर मऊ बारीक लव असते आणि प्रत्येक पान दोनदा विभागल्यासारखे खोल कातरलेले असते. खालची पाने वीतभर लांब होतात. त्यानंतर मधून खोड सरळ वर येते, त्यावर उभ्या रेषा बोटाला जाणवतात, वरची पाने लहान होत जातात आणि शेंड्याकडे फांद्यांचा पसारा होतो. फुलोरा जेमतेम चार-पाच मिलिमीटर रुंद, पांढरा असून त्याच्या कडेला पाच कोपरे स्पष्ट दिसतात. एकदांडीचे फूलही बाहेरून पांढरे दिसते, पण त्याचा मध्य पिवळा असतो, देठ लांब व एकटा असतो आणि झाड जमिनीवर सरपटते. हा फरक शिकवणे आवश्यक होते, कारण पहिल्या वर्षी ओढ्याकडची पुष्कळशी एकदांडी विनाकारण उपटली गेली होती. पान चुरगाळून वास घेण्याची सवय मात्र सर्वांना आवर्जून सोडायला लावली.

हे आले कुठून

भारतात या तणाचा प्रसार ठळकपणे लक्षात आला तो १९५५च्या सुमारास पुण्यात. आयात गव्हाबरोबर ते आले, ही समजूत सर्वत्र प्रचलित आहे. त्या आयातीमुळे प्रसाराला हातभार लागला असणे शक्य आहे, परंतु कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानाच्या १८१४च्या सूचीतही या वनस्पतीचा उल्लेख सापडतो, त्यामुळे एकच वाट धरून समाधान मानणे योग्य नाही. हा इतिहास इथे सांगण्याचे कारण असे की संस्थेतही अगदी हेच झाले. भरावाच्या मातीतून तण आले, हे उत्तर मिळाल्यावर सर्वांनी, मीसुद्धा, दुसरी वाट शोधणे थांबवले.

भराव रस्त्याला होता आणि रोपवाटिका तिथून बरीच दूर. मग पिशव्यांमध्ये हे बी पोहोचले कसे, हा प्रश्न मी पहिल्याच दिवशी विचारायला हवा होता. तो विचारला गेला पुढच्या हिवाळ्यात. पहिल्या वर्षी कापलेली फुलोऱ्यासह झाडे खताच्या खड्ड्यात टाकली होती आणि तेच खत मातीत मिसळून पिशव्या भरल्या होत्या. खताचा ढीग नीट तापला आणि वरखाली झाला तर बरेचसे बी मरते, पण कडेच्या थंड थरातील बी तसेच राहते. अशा रीतीने संस्थेने स्वतःच्या हाताने तण पुन्हा पेरले आणि दिलेल्या रोपांबरोबर ते बाहेरही गेले असण्याची शक्यता होती.

पर्यायांचा विचार

हाताने उपटणे हा सर्वांत खात्रीचा मार्ग होता, पण तो फुलोऱ्यापूर्वी आणि जमीन ओली असताना, मुळासकट, संरक्षक साधनांनिशीच अवलंबायचा होता. सोटमूळ वरच्या वर तुटले तर बुडातून पुन्हा फुटवे येतात. अडचण मनुष्यबळाची होती, कारण हेच आठवडे बागेतील इतर कामांच्या घाईचे असतात.

नांगरट करून सर्व गाडून टाकावे, अशी सूचना पुढे आली. पडीक जमिनीसाठी ती आकर्षक होती, परंतु गाडलेले बी दीर्घकाळ टिकते आणि उघडी पडलेली जमीन या तणाला सर्वाधिक मानवते, म्हणून ती मागे पडली. मिठाचे तीव्र द्रावण फवारण्याचा उपाय अनेक ठिकाणी सांगितला जातो. पाने त्याने करपतात हे खरे, पण बागेलगतच्या मातीत मीठ साठू देण्यास मी स्पष्ट नकार दिला.

तणनाशकांवर सर्वाधिक चर्चा झाली. ग्लायफोसेट हिरवे दिसेल ते सर्व मारते. म्हणजे गाजर गवताबरोबर त्याला अडवून धरणारे गवतही जाते आणि पुढच्या सरीनंतर मोकळ्या जागेत पुन्हा गाजर गवतच उगवते. शिवाय त्याच्या वापरावर केंद्र सरकारने २०२२ मध्ये निर्बंध घातले होते. २,४-डी गवतवर्गीय वनस्पतींना वाचवते, पण वाऱ्याबरोबर त्याचा अंश फळझाडांच्या पानांवर गेला तर नुकसान होते. या विचाराने तणनाशकाचा वापर फक्त बागेपासून दूर असलेल्या, फरसबंदीच्या फटांपुरता आणि लेबलवरील मात्रेप्रमाणे, प्रशिक्षित व्यक्तीकडूनच करायचा असे ठरले.

मेक्सिकन भुंगेरा, म्हणजे झायगोग्रामा बायकोलोराटा, हा पर्याय ओढ्याकाठासाठी विचारात घेतला. भारतात त्याला मेक्सिकोतून आणून १९८४ मध्ये बंगळुरू परिसरात सोडण्यात आले आणि आज तो अनेक भागांत स्वतःहून आढळतो. त्याचे प्रौढ आणि अळ्या दोन्ही पाने खातात. त्याची मर्यादाही तितकीच स्पष्ट आहे: तो पावसाळ्यात सक्रिय असतो, पुढे कोरड्या काळात जमिनीत सुप्तावस्थेत जातो, आणि झाडे खाऊन फस्त करण्याइतकी संख्या होईपर्यंत पुष्कळ फुले येऊन जातात. सूर्यफुलाच्या पानांवर तो आढळल्याने एकेकाळी चिंता निर्माण झाली होती. या परिसरात सूर्यफूल नसल्याने तो प्रश्न उद्भवला नाही.

शेवटचा पर्याय स्पर्धक वनस्पतींचा होता. टाकळा दाट उगवून गाजर गवताच्या रोपांना सावलीत दाबतो. टाकळ्याच्याच कुळातील, अमेरिकेतून आलेली कॅसिया युनिफ्लोरा ही वनस्पतीही याच कामासाठी सुचवली जाते, परंतु एका परक्या आक्रमक झाडाच्या जागी दुसरे परके झाड मुद्दाम पसरवणे मला पटले नाही. रस्त्याच्या कडांना टाकळा आणि बागेच्या बांधांवर मारवेल, असा निर्णय झाला.

काम कुठून सुरू करावे

या प्रकरणात सर्वांत मोठा मतभेद इथे झाला. व्यवस्थापनाचे म्हणणे होते की प्रवेशद्वाराजवळचा दाट पट्टा आधी साफ करावा, कारण येणाऱ्या-जाणाऱ्यांना तोच दिसतो. माझा आग्रह नेमका उलट होता. जिथे तण अजून तुरळक आहे त्या फळबागेपासून सुरुवात करावी, ती पूर्ण स्वच्छ ठेवावी आणि तिथून दाट भागाकडे सरकावे. दाट पट्ट्यात आठवडाभर राबूनही बियांचा साठा संपत नाही, आणि तेवढ्या अवधीत बागेतील विखुरलेली झाडे फुलून तिथेही नवा साठा करतात. दोन दिवसांच्या चर्चेनंतर तडजोड झाली: बागेत पूर्ण उपटणी, आणि प्रवेशद्वाराजवळ निदान फुलोरा येऊ न देण्याइतके काम.

प्रत्यक्ष कृती

दुसऱ्या पावसाळ्यात पहिल्या सरींनंतर तिसऱ्या आठवड्यात उपटणीची पहिली फेरी झाली. झाडे गुडघ्याखालीच होती, जमीन भिजलेली होती आणि मूळ सहज येत होते. त्यानंतर दर पंधरा दिवसांनी फेरी ठरवली. बुटांना व अवजारांना लागलेली माती बागेच्या तोंडाशीच झटकून धुण्याची जागा केली आणि ब्रश कटरचा वापर फुलोरा दिसताच बंद करण्याचा नियम लिहून लावला. ज्या महिला कामगारास त्रास झाला होता तिला या कामातून पूर्णपणे वगळून दुसरे काम देण्यात आले आणि त्वचारोगतज्ज्ञाकडे पाठवण्यात आले.

उपटलेल्या झाडांचे काय करायचे, हा प्रश्न किरकोळ वाटला तरी तो तसा नव्हता. फुलोरा न आलेली झाडे खतासाठी चालतात. फुले असलेली झाडे मात्र उपटून ठेवल्यावरही त्यांच्यात बी पक्व होऊ शकते. ऑगस्टमध्ये एका फेरीनंतर अशी झाडे बांधावर ढीग करून ठेवली गेली, रात्रीच्या पावसाने ढीग खाली वाहिला आणि दोन आठवड्यांत बांधाच्या उतारावर रोपांची हिरवी पट्टी उठली. त्यानंतर फुलावर आलेल्या झाडांसाठी स्वतंत्र खोल खड्डा खणला, त्यावर मातीचा जाड थर दिला, त्या जागी खूण रोवली आणि ती जागा पुन्हा उकरायची नाही असे ठरवले.

हिवाळ्यात खताचा उलगडा झाल्यावर रोपवाटिकेतील सर्व पिशव्या तपासण्यात आल्या आणि नवी रोपे देणे थांबवले. तेव्हापासून खताच्या प्रत्येक नव्या खड्ड्यातून वेगवेगळ्या खोलीवरील नमुने घेऊन ते उथळ ट्रेमध्ये पसरतात, ओले ठेवतात आणि तीन आठवडे काय उगवते ते पाहतात. एकही गुच्छ उगवला तर ते खत रोपवाटिकेत जात नाही. ज्यांना आधी रोपे दिली होती त्यांना पत्र पाठवून पिशवीच्या बुडाशी काय पाहायचे ते चित्रासह कळवले. हे पत्र पाठवावे की नाही यावर संस्थेत संकोच होता, कारण त्यात स्वतःची चूक मान्य करावी लागत होती. ते पाठवले गेले याचे मला मनापासून समाधान आहे.

टाकळ्याचे बी पावसाळ्यापूर्वी रस्त्याच्या कडांना टाकले. पहिल्या प्रयत्नात ते विरळ उगवले, कारण भरावाचा मुरूम कठीण होता. पुढच्या वर्षी वरचा थर हलका उकरून पेरल्यावर ते चांगले धरले. ओढ्याकाठी भुंगेरा आधीपासूनच थोड्या संख्येने आढळला. बाहेरून आणून सोडण्याऐवजी त्या पट्ट्यात फवारणी आणि कापणी पूर्ण बंद ठेवून त्याला वाढू देण्यात आले.

परिणाम

तिसऱ्या पावसाळ्यात फळबागेत एका फेरीत सापडणारी रोपे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरली. बागेतील मारवेल टिकून होते, ही गोष्ट उपटणीइतकीच महत्त्वाची ठरली. रस्त्याच्या कडांवर टाकळा दाट झाला त्या टप्प्यांत गाजर गवत जवळजवळ नाही, आणि जिथे वाहने कडेला उभी राहून जमीन उघडी पडते तिथे ते अजून येते. रोपवाटिका पुन्हा सुरू झाली.

ओढ्याकाठचे चित्र वेगळे आहे. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये भुंगेऱ्याने पाने चाळणी केलेली झाडे दिसतात, फुलोरा कमी येतो, पण दर वर्षी पुराच्या पाण्याबरोबर वरच्या भागातून नवे बी येते. तिथे निर्मूलनाचे उद्दिष्ट सोडून फक्त बागेकडे सरकू न देणे एवढेच लक्ष्य ठेवले आहे. कामगार महिलेचा त्रास कमी झाला असला तरी पावसाळ्याच्या शेवटी ओढ्याच्या बाजूने गेल्यास तिच्या मानेवर चट्टे आजही उठतात. या प्रकरणातील हे एक नुकसान भरून आलेले नाही.

वेगळे काय करता आले असते

भरावाची माती घेताना ती कुठून उचलली आहे ते पाहून, तिथल्या तणांची पाहणी करूनच ती स्वीकारण्याची अट कंत्राटात घालता आली असती. भराव पडल्यावर पहिल्या दोन महिन्यांत रस्त्याच्या कडेने आठवड्यातून एकदा फेरफटका मारला असता तर झाडे फुलण्याआधीच हाताने निघाली असती. तेव्हा ती दोन माणसांच्या एका दिवसाच्या कामाइतकीच होती, असे कर्मचाऱ्यांचे स्मरण आहे.

माझ्या बाजूने पाहता, खत, माती, यंत्रे आणि रोपे यांची परिसरातील ये-जा मी पहिल्याच भेटीत कागदावर उतरवून घ्यायला हवी होती. तण जिथे दिसते तिथे मी पाहिले, पण ते ज्या वाटांनी फिरते त्या वाटा पाहिल्या नाहीत. आता अशा कोणत्याही परिसरात गेल्यावर मी आधी खताचा खड्डा पाहतो.

प्रवेशद्वाराचा पट्टा आधी की बाग आधी, या निर्णयाबद्दल माझे मत आजही बदललेले नाही. तरीही व्यवस्थापनाची बाजू मला आता अधिक समजते. दिसणारा भाग साफ झाल्याशिवाय कामगारांना आणि खर्च मंजूर करणाऱ्यांना काम पुढे सरकल्याचे वाटत नाही, आणि तीन वर्षांच्या कामात ते वाटणेही लागते. आधीच हे ओळखून प्रवेशद्वाराशी दहा-पंधरा मीटरचा एक तुकडा पूर्ण स्वच्छ करून दाखवला असता, तर ते दोन दिवस वादात गेले नसते.

सध्या ओढ्याच्या वरच्या बाजूच्या जमीनधारकांशी बोलणे सुरू आहे. दरवर्षी १६ ते २२ ऑगस्टदरम्यान गाजर गवत जागृती सप्ताह पाळला जातो, परंतु या भागात तोपर्यंत बरीच झाडे फुललेली असतात. त्यामुळे एकत्रित उपटणीची पहिली फेरी जुलैच्या पहिल्या पंधरवड्यातच घ्यावी असा प्रस्ताव त्यांच्यापुढे ठेवला आहे, आणि दोन जमीनधारकांनी त्याला होकार दिला आहे.